निळ्या किटलीची जागा

४ सप्टेंबर

बारके,

आशीर्वाद लिहीत नाही. मागच्या पत्रातले तुझ्याकडे न वापरता पडून असतील, आधी ते संपव.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की तुझे हात नेमके कामात असतात. पत्र निदान दारातून उचलावं तरी लागतं, नाहीतर पायात येतं.

बातमी अशी की संग्रहालयात बाबांचं मोठं प्रदर्शन भरतंय. वरचा अख्खा मजला. बाबा असते तर म्हणाले असते, “मेल्यावर जागा दिली, तीसुद्धा जिना चढून.” तिथल्या क्युरेटर बाई घरी येऊन गेल्या. माणूस म्हणून वाईट नाहीत, पण बाबांचं नाव घेताना आवाज इतका खाली आणतात की मला वाटतं आत कोणी झोपलंय की काय.

प्रदर्शनं काय, पूर्वीही झाली. तुला मुद्दाम लिहितेय ते आईच्या चित्रांसाठी. ती अंथरुणावर होती तेव्हा बाबांनी तिची जेवढी चित्रं काढली, तेवढी सगळी पहिल्यांदाच एका खोलीत लागणार आहेत. ती कुठे कुठे जाऊन पडली होती! एक कुणा दंतवैद्याच्या दिवाणखान्यात, एक बँकेच्या जिन्यात, दोन तर समुद्रापार. मीसुद्धा ती एकत्र कधी पाहिली नाहीत. एक वाळायच्या आत दुसरं सुरू व्हायचं आणि पहिलं घराबाहेर जायचं. संक्रांत झाली की परत ज्याची त्याच्या घरी. पुन्हा असं जमवणं आपल्या हयातीत व्हायचं नाही, असं बाई म्हणाल्या.

तर त्याआधी ये. माझं मागणं एवढंच. बाबांसाठी येऊ नकोस. माझ्यासाठी ये म्हटलं तर मुळीच येणार नाहीस, म्हणून तेही म्हणत नाही. त्या खोलीत एकदा उभी राहून जा.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. मावशीकडून परीक्षा अर्धी टाकून आलीस, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हतीस. आई गेलेली. आणि दारातून तुला काय दिसलं, तर बाबा तिच्या उशाशी निळी किटली इकडून तिकडे मांडतायत आणि समोर चित्र. “मेलेल्या बाईची सजावट करतोय हा माणूस,” म्हणालीस आणि त्याच पिशवीसकट परत गेलीस. पुढे बाबा गेले तेव्हाही आली नाहीस.

मी तेव्हा सांगितलं होतं, तू म्हणालीस, “ताई, त्यांना पाठीशी घालू नकोस.” आज परत सांगते, मधे तोडायला तू समोर नाहीस. बाबांना आजारपण सोसायचं नाही. आजोबा गेले तेव्हा हे रंग आणायला म्हणून बाहेर पडले आणि सगळं उरकल्यावर हात हलवत परत आले. आईने ते बघितलं होतं. पण हातात ब्रश असला की हाच माणूस एका जागी बसायचा, जेवायला हाका मारून घसा बसला तरी हलायचा नाही. म्हणून ती म्हणाली, “मला काढा.” त्यांनी घेतलं काढायला. चित्र संपत आलं तशी ती घाबरली, कारण संपलं की हे उठणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, “ताई, ती खिडकीतली किटली जरा अलीकडे घे गं. आणि पडदा अर्धा ओढ.”

बाबांची खोड तुला ठाऊक आहे. डोळ्यासमोर असेल तेच काढायचं, मनातली एक रेघ नाही. आणि एकदा काढलं की त्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही. वस्तू हलली की थयथयाट. “कोणी हात लावला माझ्या किटलीला?” मग नवा कॅनव्हास, पुन्हा पहिल्यापासून. आई डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून पडलेली. हसू आवरत असायची गं ती. असं करत करत तिने त्यांना शेवटपर्यंत त्या खोलीत बसवून ठेवलं.

आणखी एक. ती गेल्यावरचं शेवटचं चित्र बाबांनी आपल्या दोघींच्या नावावर ठेवलंय. ते लावायचं तर दोघींचा होकार हवा. माझा आहे. तुझा आला नाही तर लावू देणार नाही, बाईंनी कितीही आवाज खाली आणला तरी.

आणि हो, उद्घाटनाला घालायला माझ्याकडे धड काही नाही. अख्ख्या गावाचे कपडे शिवतेस, सख्ख्या बहिणीला एक ड्रेस शीव. माप आहेच तुझ्याकडे. मावशीच्या मुलीच्या लग्नात घेतलं होतंस, तोंडात टाचण्या धरून, म्हणजे माझ्याशी बोलायला नको.

ताई


२९ सप्टेंबर

बारके,

पार्सल मिळालं. चिठ्ठी शोधली, कागद उलटा केला, दोन्ही खिसे बाहेर काढले. काही नाही. पण खिसे ठेवलेस. मला रुमाल ठेवायला खिसा लागतो हे तुझ्या लक्षात आहे, तेवढ्यावर मी दोन दिवस काढले.

गडद निळा रंग छान आहे. शिलाईला तर नाव ठेवायला जागा नाही, आणि मी किती शोधली असेल हे तू ओळखतेस. फक्त घातल्यावर खांद्यातून ओघळतो आणि कमरेत माझ्यासारखी अजून एक मावेल. तुझं माप चुकलेलं नाही. मीच जरा उतरलेय. हल्ली जेवण जात नाही, दुसरं काही नाही. आतून पिना लावून घेईन. बारकी तू आणि बारीक मी, असा कारभार झालाय.

आता मुख्य गोष्ट. क्युरेटर बाई शेवटचं चित्र बघायला आल्या होत्या. बाबांनी ते स्वतः चादरीत गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवलं होतं. इतकी वर्षं मी कपाट पुसलं, मागे कधी हात घातला नाही. आम्ही दोघींनी ओढून बाहेर काढलं. बाईंनी बॅटरी काढून बाजूने उजेड टाकला आणि म्हणाल्या, “हे बघितलंत?”

तीन किटल्या आहेत, बारके. एकाच चित्रात. पहिली खिडकीच्या टोकाला काढून पुसलेली. दुसरी मधोमध, तीही पुसलेली, पण रंगाचा उंचवटा तसाच राहिलाय. तिसरी आईच्या उशाजवळ, आणि तीसुद्धा अर्धी.

ज्या माणसाने काढलेल्यावर जन्मात हात फिरवला नाही, त्याने! आणि त्या दिवशी मी किटलीला बोट लावलं नव्हतं. कशाला लावू? सांगणारीच गेली होती.

मग हलवत कोण होतं? तू दारातून पाहिलंस ते अगदी बरोबर पाहिलंस. तेच हलवत होते. चित्र जुळत आलं की उठून किटली सरकवायची, म्हणजे पुन्हा बसायला कारण. नवा कॅनव्हास आणायला वर जावं लागलं असतं, म्हणून त्याच्यावरच पुसून काढलं असणार. आईची सगळी लबाडी त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती गं. रोजचा थयथयाट खोटा होता. दोघं एकमेकांशी खोटं खेळत होती आणि मी मधे किटली वाहत होते. मी बाईंसमोर खाली बसले आणि रडले. त्यांनी बॅटरी बंद केली.

तुला हे फोनवर सांगायचा मी प्रयत्न केला. असो.

संग्रहालयातही जाऊन आले. चित्रं आली आहेत, पण कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं यावर त्यांचं अडलं होतं. बाबा तारीख कुठे घालायचे! मी म्हटलं, किटली बघू नका, गाल बघा. गालांवरून लावली सगळी. बाईंनी विचारलं, इतकी खात्री कशी? मी म्हटलं, तिला रोज मीच उचलून बसवायची, वजन हाताला कळतं.

घरी येऊन मी बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला. उगाच. सवय बदलावी म्हणून.

तुझा होकार कळव. नकार असला तरी कळव. आणि ये.

ताई


१३ ऑक्टोबर

बारके,

झालं उद्घाटन. तू आली नाहीस. मी शेवटपर्यंत जिन्याकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे भाषण करणाऱ्यांना माझी पाठ दिसली. त्यांना वाटलं मुलगी भारावून गेलीय.

एक मोठे समीक्षक आले होते, मानेला मफलर, हात सारखे हवेत. म्हणाले, किटली जसजशी पलंगाच्या जवळ सरकते तसतशी मृत्यूची चाहूल गडद होते. लोक माना डोलवतायत. मला आईचे ते दाबलेले ओठ आठवले आणि हसू फुटलं, ते मी खोकल्यात ढकललं. सांगितलं काही नाही. झाकली मूठ राहू दे, ते दोघांचं गुपित आहे. आता तिसरी मी आणि चौथी तू.

शेवटच्या चित्राची जागा रिकामी आहे. नुसता खिळा. बाई म्हणाल्या, तिथे दुसरं काहीतरी लावू या, भिंत बोडकी दिसते. मी म्हटलं, दिसू दे.

तुझ्या ड्रेसचं फार कौतुक झालं. वरून काही कळत नव्हतं. आतून मात्र इतक्या पिना होत्या की कोणी मिठी मारायला आलं की मी दोन पावलं मागे.

आता खरं सांगते. हे पत्र तू फाडणार असशील तर इथवर यायच्या आतच फाडलं असशील.

आईचंच आहे. त्याच जागी. तपासण्या उन्हाळ्यातच झाल्या, पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. डॉक्टर तरुण आहे, बोलताना पेनचं टोपण उघडतो आणि लावतो. आईला निदान औषधाचा गुण येईल असं सांगायचे, मला तेवढंही सांगत नाही. त्या खोलीत चित्रं गालांवरून लावत होते ना, तेव्हा मी माझा गाल कुठल्या चित्रापर्यंत आलाय ते बघत होते. मधोमध आहे अजून. मधल्याच्या थोडी पुढे.

दया म्हणून येऊ नकोस. दया तुला शोभत नाही आणि मला पचत नाही. पण मला भीती वाटते. आईजवळ बाबा होते, मी होते. माझ्याजवळ सकाळी येऊन जाणारी नर्स आहे, तिचं लक्ष घड्याळाकडे. मी भिते गं, बारके. हे लिहायलाही मला दोन पत्रं वाया घालवावी लागली.

ताई


२ डिसेंबर

आलीस!

आलीस, आणि घरी आली नाहीस. संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडून उजवीकडे वळलं की दुकानांची रांग, ती संपली की आपली गल्ली. तिथवर यायला तुझे पाय मोडले होते का?

कसं कळलं, असं विचारशील. त्या खोलीवर एक पहारेकरी असतो, त्याला मी मिशीवाले म्हणते. त्याच्या कोटाचं मधलं बटण उद्घाटनापासून लोंबत होतं. दर वेळी मी त्याला टोकायची, “मिशीवाले, बटण पडेल,” आणि तो म्हणायचा, “मिशी आहे ना घट्ट, मग झालं.” आज गेले तर बटण जागेवर. मी जवळ जाऊन बघितलं. बटणाखाली दोऱ्याची मान गुंडाळलेली, शेवटची गाठ कापडाच्या आत लपवलेली. आपल्या आईने फक्त दोघींना शिकवलं ते, आणि त्यातली एक मी आहे.

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं वदवून घेतलं.

म्हणाला, “एक बाई आल्या होत्या. चित्रांसमोर काही थांबेनात. नुसत्या येरझाऱ्या. मला वाटलं चुकून शिरल्यात. मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, कोट काढा.”

“आणि तुम्ही काढलात?”

“त्या बोलल्याच तशा. तुम्ही नाही का बोलत? पर्समधून सुई-दोरा काढला आणि बाकावर बसल्या, चित्रांकडे तोंड करून. बटण झालं. मग म्हणाल्या, बाहीचं अस्तर सुटलंय. ते लावलं. मधेमधे मान वर करून बघायच्या, परत टाका घालायच्या. अस्तर झालं तरी उठेनात. दुसरी बाही चांगली होती हो माझी! ती उसवली आणि परत शिवली. मी शर्टावर कुडकुडतोय. साहेब आले असते तर नोकरी गेली असती.”

“काही बोलल्या?”

“जाताना त्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवून विचारलं, इथलं कुठे आहे. मी म्हटलं, घरीच ठेवलंय म्हणे, धाकट्या बहिणीने हो म्हटलं नाही. तर त्या कोट माझ्या हातात देऊन निघून गेल्या.”

मी तिथेच बाकावर बसून तुला यथेच्छ शिव्या दिल्या. मनातल्या मनात नाही, मिशीवाल्यासमोर. गेलेल्या आईला बघायला कामधंदा टाकून येतेस, आणि जिवंत बहीण हाकेच्या अंतरावर असताना गाडी पकडतेस? मला काय भिंतीवर लागल्यावर बघायला येणार आहेस?

आणि बाबांना नावं ठेवत होतीस! खाण तशी माती. सुई हातात असल्याशिवाय त्या खोलीत तुलाही बसवलं नाही. आरशात बघ जरा, ब्रश तेवढा नाही तुझ्या हातात.

हे पत्र टाकू की नको, ठरत नाहीये. टाकते. मीही त्यांचीच.

ताई


१९ जानेवारी

बारके,

मागचं पत्र विसर. नाही, विसरू नकोस, त्यातलं सुईचं तेवढं लक्षात ठेव, त्याचं काम पडणार आहे.

प्रदर्शन उतरलं. बाईंनी बोलावलं होतं, पण जिना आता जमत नाही. त्याच येऊन सांगून गेल्या. एकेक चित्र खोक्यात भरून रवाना झालं, दंतवैद्याचं दंतवैद्याकडे, बँकेचं बँकेत. मिशीवाल्याची दुसऱ्या दालनावर बदली झाली, तिथे म्हणे नुसती मडकी आहेत. शेवटचं चित्र इथेच आहे. चादर काढून मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलंय, मलाही त्याच खोलीत हलवलंय. बाथरूम जवळ पडतं. किटली खिडकीत आहे. झाकण कधीच हरवलं, बाकी शाबूत आहे. नर्सला सांगून ठेवलंय, तिला हात लावायचा नाही.

त्या दिवसापासून मी एकच विचार करतेय. तू घराच्या दिशेला आली नाहीस ते राग म्हणून नाही. राग असता तर दार ठोकून भांडून गेली असतीस, तेवढं मी तुला ओळखते. तू भ्यायलीस. आल्यावर पलंगाशेजारी खुर्ची ओढायची, आणि मग हात कुठे ठेवायचे? माझ्याकडे किती वेळ बघायचं? काय बोलायचं? मला पटतं गं ते. बाबांना कळत नव्हतं, तुलाही कळत नाही, आणि त्यासाठी माणूस वाईट ठरत नाही. आईने बाबांना कधी त्यावरून बोल लावला नाही. तिने त्यांना बसायला काम दिलं.

म्हणून ऐक. मी तुला भेटायला बोलावत नाहीये. तुझ्या हातचा ड्रेस मला होत नाही, ही तक्रार आहे. शिंपिणीकडे गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, पण हे गिऱ्हाईक उठू शकत नाही, तेव्हा शिंपिणीने यावं. खांदे आत घ्यायचेत, कंबर आत घ्यायची, बाह्या मनगटावरून घसरतात. नीट बसला की मी घालून दाखवीन. आणि मग आठवड्याभरात तो पुन्हा सैल होईल, त्याची हमी मी देते. तू परत उसवशील, परत टाचण्या लावशील, परत आत घेशील. मी होतच जाणार आहे बारीक. काम पुरेल तुला.

टाचण्या तोंडात धरून बस, मला चालेल. बोलायची सक्ती नाही. माझ्याकडे बघायचंही नाही, शिवणीकडे बघ. मी तुझ्याकडे बघीन.

उजव्या कुशीची शिवण मी आजच उसवून ठेवलीय. हात थरथरतो, त्यामुळे कापड थोडं फाटलं आहे, रागावशील. डावीकडची तू आल्यावर उसव. दाराची किल्ली नर्सकडे असते, ती सकाळी येते.

ये, बारके. आणि सावकाश शीव.

ताई